शिडाखालचा संसार

घर म्हटले की आपल्या मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्याने उभी राहते ती भिंत. पांढऱ्या मातीची, हात-दोन हात रुंदीची. तिच्यावर माळवद, तिच्या पोटात देवळी आणि बळद, पायाशी पाण्याचा रांजण. पिढ्या येतात आणि जातात, भिंत जागची हलत नाही. किंबहुना जे हलत नाही त्यालाच आपण घर म्हणतो. जे हलते ते विंचवाचे बिऱ्हाड.

पण या पृथ्वीच्या पाठीवर अशीही माणसे होऊन गेली, आणि आजही आहेत, की ज्यांचे घर वाऱ्यावर चालते. त्या घराला उंबरठा नसतो, अंगण नसते, शेजार नसतो. चूल असते तीही डुलणारी. तरी त्यात संसार होतो, आजारपणे निघतात, सणवार येतात. अशा घरांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि वाचकांना नवल वाटेल, पण त्यातील दोन-तीन ठळक पाने आपल्याच मुंबईच्या व गोव्याच्या सुतारांनी लिहिलेली आहेत.

लातूर-नांदेडकडच्या माणसाने समुद्राच्या गोष्टी सांगाव्यात याचे कोणास हसू येईल. पण आपण समुद्राला अगदीच परके नाही. लातूरकडून वाहत जाणारी मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. नांदेडच्या घाटावरून गेलेले पाणी आणि लातूरचे पाणी तेथे हातात हात घालते आणि पुढे बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. पाणी जेथे जाते तेथवर माणसाने निदान मनाने जाण्यास हरकत नसावी.

प्रथम थोडे दूर जाऊ. भूगोलाच्या पुस्तकातील नकाशा उघडून उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांमधली जागा पाहावी. तेथे कॅरिबियन नावाचा समुद्र आहे, आणि त्याच्या पूर्वेच्या कडेने बेटांची एक कमान आहे: अँटिग्वा, डॉमिनिका, मार्टिनिक, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनेडा. क्रिकेटच्या कृपेने यातील काही नावे आपल्या पोरांना आपल्या तालुक्यांच्या नावांइतकी पाठ आहेत. शिडाच्या बोटीत घर करून राहणाऱ्यांचे हे जणू आजोळ होय. त्याचे कारण वारा. तेथे हिवाळ्यात पूर्वेकडून आणि ईशान्येकडून व्यापारी वारे असे नेमाने वाहतात की, शीड उभारावे आणि सकाळी निघून दिवस मावळण्यापूर्वी पुढच्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकावा. १९४९ साली निकल्सन नावाचे एक इंग्रज कुटुंब आपल्या ‘मॉलीहॉक’ नावाच्या शिडाच्या जहाजातून अँटिग्वाच्या इंग्लिश हार्बरमध्ये आले आणि तेथेच राहिले. तेथे जुनी, ओस पडलेली आरमारी गोदी होती. ही मंडळी लोकांना भाड्याने समुद्राची सैर घडवू लागली, आणि त्या धंद्याने तो बंदर पुन्हा गजबजून गेला.

तथापि हे सुख बारमाही नव्हे. जूनपासून नोव्हेंबरअखेर तेथे चक्रीवादळांचा काळ असतो. मग बोटीत राहणारी शहाणी माणसे दक्षिणेला ग्रेनेडा-त्रिनिदादकडे सरकतात, किंवा बोट जमिनीवर ओढून टेकू लावून ठेवतात. आपला कोकणातला कोळी पावसाळ्यात होडी वर ओढतो, झापांनी झाकतो आणि नारळीपौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा समुद्रात लोटतो. समुद्र दुसरा असेल, पण शहाणपण तेच आहे.

याच बेटांकडे आपली माणसेही शिडाच्या जहाजातून गेली होती, पण हौसेने नव्हे. १८४५ च्या फेब्रुवारीत ‘फातेल रझाक’ हे जहाज दोनशेहून अधिक हिंदी मजुरांना घेऊन कलकत्त्याहून निघाले आणि ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पोचले. करारावर अंगठा उठवून उसाच्या मळ्यांवर गेलेली ती माणसे. तीन महिन्यांहून अधिक काळ तेही शिडाखालीच राहिले, परंतु त्याला संसार म्हणता येणार नाही. ज्या घराचे सुकाणू आपल्या हाती नाही ते घर नव्हे, हे त्यांच्याइतके कोणी जाणले नसेल.

सुकाणूही आपल्या हाती आणि घरही आपल्या हातांनी बांधलेले, असे एक कुटुंब मात्र इतिहासाला ठाऊक आहे. जोशुआ स्लोकम हे अमेरिकेतील कसलेले कप्तान. १८८७ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांचे जहाज वाळूत रुतून फुटले. बरोबर दुसरी पत्नी हेटी आणि पहिल्या पत्नीचे दोन मुलगे, एक मिसरूड फुटू लागलेला व दुसरा अवघा सात वर्षांचा. परमुलुखात, खिशात फारसे काही नाही. इतर कोणी दुसऱ्या जहाजाचे भाडे जमविण्याच्या खटपटीला लागला असता. स्लोकम यांनी हाती लागेल त्या लाकडातून पस्तीस फुटांची एक बोट बांधावयास घेतली. नवऱ्याने आणि मोठ्या मुलाने फळ्या ठोकल्या, हेटीबाईंनी शिडे शिवली. १३ मे १८८८ रोजी बोट पाण्यात उतरली. योगायोग असा की, त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली, म्हणून बोटीचे नाव ठेवले ‘लिबरदादे’, म्हणजे स्वातंत्र्य! हे चौघांचे कुटुंब त्या बोटीतून ब्राझीलचा किनारा धरून निघाले, बार्बाडोसवरून, कॅरिबियन बेटांच्या रांगेतून आपल्या देशी सुखरूप पोचले. साडेपाच हजार मैलांचा तो प्रवास होता.

या हकिकतीत मला स्लोकम यांच्यापेक्षा हेटीबाईंचा अधिक विचार करावासा वाटतो. इतिहास कप्तानाचे नाव मोठ्या अक्षरात लिहितो. पण ज्या कापडात वारा भरला ते कापड एका बाईने टाके घालून उभे केले होते. एक शिवण उसवली असती तर चौघांच्या जिवावर बेतली असती. पुढे स्लोकम यांनी ‘स्प्रे’ नावाची एक जुनी, मोडकळीस आलेली बोट तेरा महिने खपून पुन्हा बांधली. त्याचा साहित्याचा हिशेब त्यांनी लिहून ठेवला आहे: ५५३ डॉलर ६२ सेंट! या बोटीतून १८९५ ते १८९८ या काळात त्यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले पुरुष ठरले. परतीच्या वाटेवर ते ग्रेनेडा, डॉमिनिका आणि अँटिग्वा येथे थांबले होते. यावेळी मात्र हेटीबाई बरोबर नव्हत्या. त्यांना का जावेसे वाटले नसेल हे संसारी वाचकांस सांगावयास नको.

आता मुंबईला येऊ. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधण्याची विद्या जुनी आहे. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईला आले, आणि पुढे त्यांच्या घराण्याने सागवानाची अशी जहाजे बांधली की इंग्रजांच्या आरमाराने ती मागून घेतली. १८१७ साली येथे पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन करून ठेवले आहे. ओक लाकूड कुजते, पण साग समुद्राला दाद देत नाही, असा त्या काळच्या दर्यावर्द्यांचा अनुभव होता.

या परंपरेचे एक धाकटे पाते १९६० नंतरच्या मुंबईत निघाले. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचे एक तरुण अधिकारी होते. त्यांना स्वतःची शिडाची बोट हवी होती. आराखडा अमेरिकेतील ॲटकिन यांचा, लाकूड सागाचे आणि हात मुंबईच्या सुतारांचे. विजेची यंत्रे जवळजवळ नव्हतीच. वाकसाने तासावे, दोरीने फिरणाऱ्या सामत्याने भोक पाडावे, रंध्याने साफ करावे, असे त्या बोटीचे काम चालले. सुमारे बत्तीस फुटांची ती बोट १९६४ साली तयार झाली. इराणच्या आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला अरब नावाडी जे नाव देतात ते तिला दिले: ‘सुहेली’. १९६५ साली ती मुंबईहून इंग्लंडला निघाली. पैसे संपल्यामुळे मालकाला मध्ये दक्षिण आफ्रिकेत थांबून काम करावे लागले, आणि पुढचा प्रवास १९६७ मध्ये पुरा झाला.

१९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ पत्राने एक विलक्षण शर्यत जाहीर केली. एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वळसा घालावयाचा. नऊ जण निघाले. कोणाच्या बोटी नव्या, कोणाच्या वेगवान. सुहेली त्या सर्वांत फारशी दिमाखाची नव्हती. परंतु पुरी प्रदक्षिणा करून परत आली ती एकटी सुहेली. १४ जून १९६८ रोजी निघालेले नॉक्स-जॉन्स्टन २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, इंग्लंडच्या फालमाउथ बंदरात परतले.

हे सारे आपण शौर्याची कथा म्हणून वाचतो. मी ती अनेकदा वाचली, आणि दर वेळी मला ती घरकामाची कथा वाटत गेली. निघाल्यावर थोड्याच दिवसांत बोटीच्या तळाच्या फटीतून पाणी येऊ लागले. गृहस्थ समुद्रात उतरले, बुडी मारून त्या फटीत कापूस ठासला, त्यावर कापडाची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला तेव्हा वर येऊन बंदुकीने त्याला मारले आणि पुन्हा खाली जाऊन उरलेले काम केले. आफ्रिकेच्या टोकाजवळ एका लाटेने बोट आडवी केली. टाकीतले पिण्याचे पाणी नासले. तेव्हापासून पावसाचे पाणी शिडावरून गळेल तसे धरून ठेवावे आणि त्यावर दिवस काढावेत असा क्रम सुरू झाला. ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. रेडिओ बंद पडला. नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर दिसलेला हा माणूस पुढे एप्रिलपर्यंत जिवंत आहे की नाही हेही घरच्यांना कळले नाही. या सगळ्या काळात तो करीत काय होता? फाटलेले शिवीत होता, सुटलेले बांधीत होता, गळणारे बुजवीत होता. आपल्याकडे दर उन्हाळ्यात माळवदावर नवी माती घालतात, भेगा लिंपतात. त्याला कोणी शौर्य म्हणत नाही. पण पहिल्याच पावसात कोणाचे घर गळते आणि कोणाचे नाही हे त्यावरच ठरते.

याच शर्यतीतील दुसरी एक हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डोनाल्ड क्रोहर्स्ट हे बुद्धिमान गृहस्थ. पत्नी, चार मुले, आणि डबघाईला आलेला धंदा. शर्यत जिंकली तर सारे सावरेल या आशेने त्यांनी तीन तळांची एक बोट घाईघाईने बांधवून घेतली. निघण्याची शेवटची मुदत ३१ ऑक्टोबर १९६८ ही होती, आणि त्या दिवशी ते अपुऱ्या कामाच्या बोटीतून निघाले. काही दिवसांतच त्यांना कळून चुकले की, ही बोट दक्षिणेच्या महासागरात टिकणार नाही. परतावे तर दिवाळे, पुढे जावे तर मरण. अशा पेचात त्यांनी तिसरा मार्ग धरला. अटलांटिकमध्येच घुटमळत राहावयाचे आणि आपण पृथ्वीला वळसा घालीत आहोत असे खोटे ठावठिकाणे कळवावयाचे. खोट्याचाही संसार करावा लागतो, आणि तो एकट्याने करणे फार जड जाते. त्यांच्या वहीतील शेवटची नोंद १ जुलै १९६९ ची आहे. १० जुलैला त्यांची ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ ही बोट समुद्रात रिकामी तरंगताना सापडली. माणूस नव्हता.

निंदा करण्यासाठी हे लिहीत नाही. नॉक्स-जॉन्स्टन यांनीही निंदा केली नाही. आपल्याला मिळालेले पाच हजार पौंडांचे बक्षीस त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या पत्नीला आणि मुलांना देऊन टाकले. पुढे ती बोट विकली गेली, जमैकात सैरसपाट्यांच्या कामी आली आणि अखेर कॅरिबियन समुद्रातील केमन ब्रॅक नावाच्या चिमुकल्या बेटाच्या वाळूवर जाऊन पडली. वादळांनी आणि उन्हाने तिचे अवशेष झिजवीत नेले. दुसरीकडे मुंबईच्या सागवानाची सुहेली १९८९ साली पुन्हा अटलांटिक ओलांडून सॅन साल्वाडोर बेटाकडे गेली. कोलंबसच्या काळच्या साधनांनी तेथवर वाट काढता येते की नाही हे तिच्या मालकाला पाहावयाचे होते, आणि ती निघाली. पुढे पुष्कळ वर्षांनी पुन्हा डागडुजी होऊन २०१६ साली तिने परत पाण्यात पाय ठेवला. एकाच शर्यतीत उतरलेली ही दोन घरे. एक वेळेआधी मोडले आणि दुसरे मालकाबरोबर म्हातारे झाले. ज्या सुतारांच्या हातांनी हा फरक केला त्यांची नावे जगाच्या तोंडी नाहीत. इतिहासाची ही जुनी खोड आहे.

बोटीतला रोजचा दिवस कसा जातो, असे पोरे वर्गात विचारतात. पोरांचे प्रश्न नेहमी मुद्द्याचे असतात: झोपता कुठे, जेवता काय, पाणी कुठून आणता? झोपण्याची फळी भिंतीला लागून असते आणि तिच्या उघड्या कडेला झोळीसारखे कापड बांधलेले असते, नाहीतर बोट कलली की माणूस पाळण्यातून पडल्यासारखा खाली येईल. शेगडी दोन खिट्यांवर टांगलेली असते. बोट कितीही झुकली तरी भांडे सपाट राहते. फळीखालच्या जागेत शिधा, म्हणजे आपले बळदच म्हणा. कपडे एकदा खाऱ्या पाण्यात भिजले की कितीही वाळवा, मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि ते पुन्हा दमट होतात. एकट्या माणसाला सलग रात्रभर झोप नाही. थोडे झोपावे, गजराने उठावे, वारा आणि क्षितिज पाहावे, पुन्हा आडवे व्हावे. बाळंतिणीला ही झोप ठाऊक असते.

आणि पाणी! चहूकडे पाणी आणि तांब्याभर पाण्याचा हिशेब. भांडी समुद्राच्या पाण्याने घासावयाची, अंघोळही बहुधा त्याच पाण्याने, गोडे पाणी फक्त पोटात जाण्यासाठी. आता समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे निघाली आहेत, पण यंत्र बिघडले की हिशेब पुन्हा तांब्यावरच येतो. ही विद्या आपल्या बायाबापड्यांना कोणी शिकवावयास नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात लातूरच्या घराघरांत भाजी धुतलेले पाणी भांड्याला, भांड्याचे पाणी फरशीला आणि फरशीचे तुळशीला, अशी पाण्याची वाटचाल होत असे. भर समुद्रात एकटा माणूस जे करतो तेच आपण येथे, समुद्रापासून इतके दूर, चार-चौघांच्या कुटुंबात केले. आपल्या दुष्काळात आणि त्याच्या समुद्रात फरक एवढाच की, त्याला तो स्वतः निवडावयास मिळाला.

हे सारे परक्यांचे झाले. मग आपला माणूस शिडाच्या बोटीतून एकटा पृथ्वीभोवती कधी गेला? हा प्रश्न ज्यांना चैन पडू देत नव्हता ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळविलेले हे आरमारी सेनानी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहिले. फलटणचा तो भाग म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. त्या कोरड्या माळावर बसून हा माणूस दक्षिण महासागराची स्वप्ने पाहत होता, आणि आरमाराच्या मागे लागून त्याने ती खरी करवून घेतली. आवटी यांचे नोव्हेंबर २०१८ मध्ये निधन झाले. तोवर त्यांच्या स्वप्नाने कितीतरी घरे समुद्रावर वसविली होती.

२००६ साली कमांडर दिलीप दोंदे यांनी या कामासाठी नाव दिले. आता प्रश्न बोटीचा आला. विकत आणता आली असती, पण आवटी यांचा आग्रह होता की, माणूस आपला आणि बोटही आपल्या मातीतली. गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा बोटी बांधण्याचा छोटा कारखाना होता. त्यांनी अशी बोट पूर्वी कधीच बांधली नव्हती. बोट छप्पन्न फुटांची, आराखडा हॉलंडचा, लाकडाच्या पट्ट्या आणि त्यांवर काचतंतूंचे आवरण. तिला जेथे जावयाचे होते तेथे केप हॉर्नच्या लाटा घरांच्या गच्चीपेक्षा उंच उठतात. दांडेकर यांनी काम पत्करले. दोंदे केवळ बोट तयार झाल्यावर येऊन बसले असे झाले नाही. आपले घर कसे जुळत आहे, कोणती तार कोठून गेली आहे, कोणता नट कोठे आहे, हे ते बांधकामात राहून शिकले. भर समुद्रात गवंडी बोलावता येत नाही. बोटीला नाव दिले ‘म्हादेई’. मांडवीचेच ते मूळचे नाव. फेब्रुवारी २००९ मध्ये ती आरमारात दाखल झाली.

१९ ऑगस्ट २००९ रोजी, नारळीपौर्णिमा होऊन दोन आठवडे झाले असता आणि गणपती चार दिवसांवर आले असता, म्हादेई मुंबईहून निघाली. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली आणि आफ्रिकेतील केप टाउन एवढेच चार मुक्काम. २२ मे २०१० रोजी मुंबईत उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी दोंदे यांचे स्वागत केले. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले.

एकदा वाट पडली की पावले आपोआप पडतात. १ नोव्हेंबर २०१२ रोजी अभिलाष टॉमी त्याच म्हादेईतून निघाले आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस परतले. पुढे १९६८ च्या त्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ साली जुन्याच साधनांनी ती पुन्हा भरविली गेली. तिच्यासाठी दांडेकर यांनी गोव्यात सुहेलीच्याच आराखड्याची ‘तुरीया’ ही बोट अभिलाष यांना बांधून दिली. मुंबईच्या सुतारांनी घडविलेल्या नमुन्याची प्रतिकृती अर्धशतकानंतर गोव्याच्या सुतारांच्या हातून निघाली.

पण समुद्र योगायोगांवर भाळत नाही. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तुरीयाची डोलकाठी मोडली आणि अभिलाष यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. ते आपल्या फळीवर हलताही न येता पडून राहिले. घर होते, पण घरात एकटा, जायबंदी माणूस. २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. तुरीया मागे राहिली. कण्यात धातूच्या पट्ट्या बसवून घेतलेला हा माणूस २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीत दुसऱ्या बोटीतून उतरला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा आला. पहिली आली ती किर्स्टन नॉयशेफर ही दक्षिण आफ्रिकेची स्त्री.

आणि आपल्या स्त्रिया? दांडेकर यांनीच बांधलेल्या ‘तारिणी’ या बोटीतून १० सप्टेंबर २०१७ रोजी आरमारातील सहा जणी गोव्याहून निघाल्या: वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजयादेवी आणि पायल गुप्ता. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा मॉरिशसला थांबून दुरुस्ती केली आणि २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यास सुखरूप पोचल्या. त्यानंतर २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना आणि रूपा या दोघीच जणी त्याच तारिणीतून निघाल्या, १५ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांनी केप हॉर्न ओलांडले आणि मेअखेरीस त्या परतल्या. सहा जणींचे घर दोघींनी चालविले. १८८८ साली हेटीबाईंनी शिडे शिवली तेव्हा सुकाणू नवऱ्याच्या हाती होते. आता शीडही त्यांचे आणि सुकाणूही त्यांचे. या प्रवासाला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, आणि पृथ्वीप्रदक्षिणेपेक्षा तो प्रवास लांबचा होता असे मला वाटते.

दिवाळी अंकात शोभेल अशी एक गोष्ट या प्रवासांच्या तारखा मांडताना ध्यानात येते. अभिलाष यांची २०१२ ची दिवाळी, सहा जणींची २०१७ ची दिवाळी आणि दोघींची २०२४ ची दिवाळी, या तिन्ही दिवाळ्या भर समुद्रात, जमिनीपासून दूर गेल्या. लक्ष्मीपूजनाची रात्र म्हणजे अमावास्या. आपण ती पणत्यांनी उजळतो म्हणून तिचा काळोख आपल्याला दिसत नाही. समुद्रावर तो पुरता दिसतो. चंद्र नाही, किनारा नाही, शेजारच्या ओसरीवरचा आकाशकंदील नाही. डोलकाठीच्या टोकावर बोटीचा एक दिवा असतो, आणि तोही बॅटरीतली वीज शिल्लक किती हे पाहून जपावा लागतो.

त्या एका दिव्यामागे काय काय असते हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. कोठे मुंबईच्या सुताराचा वाकस असतो, कोठे दिवाडी बेटावरचा घाम, कोठे एका बाईचा टाका, कोठे पत्करलेल्या कामात घाई न करण्याचा हट्ट. आपल्या घरातही यंदा कोणीतरी भिंतीची भेग लिंपली असेल, गळके पत्रे बदलले असतील, पाण्याचा हौद धुऊन झाकून ठेवला असेल. फराळाच्या ताटावर त्यांची आठवण झाली तर बरे. पणतीत तेल घालताना ते किती आहे हे पाहून घालणारा एक हात प्रत्येक घरात असतो, आणि माळवदाखाली काय किंवा शिडाखाली काय, संसार त्याच हातावर तरतो.